सोहनीची नणंद

बेंदराच्या दुसऱ्या दिवशी, करीला, भाऊसो सांगलीहून हरणेगावात आला तेव्हा जगदाळ्यांच्या घरात कुणी कुणाशी धड बोलत नव्हतं. आदल्या दिवशी पुरणपोळीच्या पंगतीतच ठिणगी पडली होती. धाकट्या सुनेनं, सतवंतनं, भावाच्या लग्नाला जालंधरला जाऊ का म्हणून विचारलं, आणि आबांनी तोंड उघडायच्या आत, वाढता वाढता रंगूअक्का म्हणाली होती, "न्हाई. इतक्या लांब लावून द्यायचं न्हाई."

तेवढंच. पण आई गेल्यापासून घर रंगूअक्काच्या हातात होतं आणि ती नाही म्हणाली की ते नाहीच असे. आबांची, म्हणजे नाथाजी जगदाळ्यांची, ती थोरली लेक. तासगावला द्राक्षबागायतदारांत दिलेली. मूल होईना तेव्हा नवऱ्यानं "चार दिवस माहेरी राहून ये" म्हणून तिला एसटीत बसवून दिलं. न्यायला कुणी आलं नाही. काही महिन्यांनी आली ती त्यानं दुसरं लग्न केल्याची बातमी. तेव्हापासून म्हशींच्या धारा, कोठी, सणवार, पैपाहुणे सगळं तिनं अंगावर घेतलं आणि तासगावचं नाव पुन्हा काढलं नाही.

आणि सतवंत? एकाहत्तरच्या लढाईत मानसिंगच्या मांडीत गोळी गेली, तो जालंधरच्या लष्करी इस्पितळात पडून होता आणि शेजारच्या खाटेवर सतवंतचा भाऊ होता. ती भावाला डबा घेऊन येई. मग मानसिंगलाही आणू लागली, आणि पुढं काय झालं ते सगळ्या गावाला माहीत होतं. तिच्या आईनं लग्नाला पाऊल टाकलं नाही की नंतर लेकीला बोलावलं नाही. लग्नात जगदाळ्यांनी तिचं नाव सत्यभामा ठेवलं; ते कुणाच्या तोंडी बसलं नाही. गाव तिला पंजाबीण म्हणे, रंगूअक्का सतू म्हणे. मानसिंग वैशाखात रजेवर येऊन गेला होता; सध्या तो आसामच्या बाजूला होता आणि त्याला इतक्यात पुन्हा रजा नव्हती.

भाऊसो हा थोरल्या सुनेचा, बनुबाईचा, भाऊ. सांगलीत त्याचा ऑर्केस्ट्रा होता; गणपतीत, लग्नसराईत, साखर कारखान्याच्या मोळी टाकायच्या कार्यक्रमाला त्याची मंडळी सिनेमातली गाणी वाजवीत. मागल्या वर्षी तो बहिणीकडं आला होता तेव्हा ताक घुसळताना सतवंत काहीतरी गुणगुणत होती. चाल त्याच्या डोक्यात बसली. गणपतीत त्यानं ती नुसती क्लॅरिओनेटवर वाजवून घेतली, शब्दांशिवाय, आणि लोकांनी ती पुन्हा पुन्हा मागितली. आता मुंबईच्या एका रेकॉर्ड कंपनीचा माणूस त्याला म्हणत होता की या चालीवर मराठी शब्द बसव, तबकडी काढू.

बनुबाईला भाऊ आल्याचा आनंद लपवता येत नव्हता. खरं तर तिला दोन आनंद होते. एक भावाचं नाव होणार याचा, आणि दुसरा, जो ती कुणाला सांगणार नव्हती, कालपासून घरात रंगूअक्का एकटी पडल्याचा. नणंदेच्या हाताखाली सून म्हणून राहणं काय असतं ते तिला ठाऊक होतं. साखर मागायलासुद्धा तिच्या तोंडाकडं बघावं लागे. तिनं चहा टाकला आणि स्वतःच जाऊन सतवंतला हाताला धरून सोप्याच्या दारापर्यंत आणलं. भाऊसोनं टेपरेकॉर्डर बाजेवर ठेवला, पण सुरू केला नाही. आधी त्याला गाण्याचा अर्थ हवा होता.

सतवंत चौकटीला टेकून, सासऱ्याकडं पाठ करून, डोक्यावर पदर ओढून बसली. आबा झोपाळ्यावर होते. थोरला मुलगा हंबीरराव बैलांना वैरण टाकून नुकताच आत आला होता. रंगूअक्का स्वयंपाकघरात भांडी लावत होती. आवाज येत होता.

सतवंतची मराठी हरणेगावचीच होती, मधेमधे हिंदीचा तुकडा पडे इतकंच. ती म्हणाली, हे गाणं म्हणजे एक मोठी गोष्ट आहे. तिकडं रात्ररात्र गातात. चिनाब नदीच्या काठी एका कुंभाराची पोरगी होती, सोहनी. परदेशातून आलेला एक व्यापारी तिच्या बापाच्या दुकानात रोज मडकी घ्यायला येऊ लागला, मडकी नको असताना. तिच्यासाठी तो व्यापार सोडून म्हशी राखायला लागला, म्हणून त्याला महिवाल म्हणतात. आईबापानं घाईनं तिचं लग्न दुसऱ्या एका कुंभाराशी लावलं. महिवाल नदीच्या पलीकडं झोपडी बांधून राहिला. मग रोज रात्री ती एक भाजलेला घडा छातीशी धरून, त्याच्या आधारानं पोहत नदी ओलांडायची आणि परत यायची. घडा झुडपात लपवून ठेवायची.

"मंग?" आबांनी विचारलं. त्यांचा झोपाळा थांबला होता.

"मंग एका दिशी तो घडा कुणीतरी बघितला. आन तितं कच्चा घडा ठेवला. न भाजलेला. ती तो घेऊन पान्यात उतरली, मधी गेल्यावर माती इरघळली. ती बुडाली. तिची हाक ऐकून त्यानं बी उडी टाकली."

"कुणी बघितला घडा?" बनुबाईनं विचारलं.

सतवंतनं हे सांगायचं टाळलं होतं, पण विचारल्यावर खोटं कसं बोलायचं. ती हळू म्हणाली, "तिच्या नणंदंनं."

आतला भांड्यांचा आवाज बंद झाला.

बनुबाई हसली नाही, पण तिनं भावाकडं पाहिलं आणि भावानं खाली पाहिलं. हंबीरराव मात्र भलत्याच गोष्टीनं तापला होता. लग्न झालेली बाई परपुरुषाकडं जाते आणि तिची गाणी गायची, आणि ती गाणी जगदाळ्यांच्या घरातून बाहेर जायची. त्यानं भाऊसोला साफ सांगितलं की हे जमणार नाही. भाऊसोनं समजावलं की घराचं नाव कुठंच येणार नाही. मग तो चालीकडं वळला. तो म्हणाला, मुंबईच्या सिनेमातली कितीतरी गाणी मी वाजवली, त्यात हेच वळण आहे. सूर वर जातो आणि मग एका जागी धरून सावकाश उतरतो. फाळणीनंतर तिकडचे वाजवणारे, चाली लावणारे मुंबईत आले, त्यांच्या गळ्यातून हे आलं असणार. "आमी पोटासाठी वाजवत आलो, दाजी. ही एका बुडणाऱ्या बाईची चाल हाय ते कुनी सांगितलंच न्हाई."

आबांनी मध्येच विचारलं, "नदी कुटली म्हनालीस? चिनाब?"

सतवंतनं मान हलवली.

आबा फौजेत रंगरूट असताना लाहोरहून झेलमला जायच्या गाडीत होते. ती नदी आली तेव्हा पुलावरून पलीकडचा काठ दिसत नव्हता. शेजारी एक शीख हवालदार बसला होता. पूल लागताच त्यानं डोळे मिटले आणि पूल संपेपर्यंत काहीतरी गुणगुणत राहिला. आबांना तेव्हा वाटलं होतं की त्याच्या घरचं कुणी त्या नदीत गेलं असेल. विचारायचा धीर झाला नाही. इतकी वर्षं ते मनात होतं आणि आज त्याचा उलगडा झाला. त्यांनी सुनेला विचारलं की एवढ्या मोठ्या नदीत कच्चं मडकं मधोमधपर्यंत तरी टिकेल का. हंबीरराव म्हणाला, काठालाच फुटेल, गोष्ट खोटी. भाऊसो म्हणाला, टिकत असेल. सोप्यात वाद सुरू झाला आणि थोडा वेळ सगळे आपापला राग विसरले.

सतवंतनं मागं वळून पाहिलं. स्वयंपाकघर रिकामं होतं. परसाचं दार उघडं होतं.

*

रंगूअक्का रागावून गेली नव्हती, असं तिनं नंतरही सांगितलं. पण मनाला लागलं होतं हे खरं. सतवंतनं ते शब्द हळू उच्चारले होते, म्हणून ते जास्त लागले. म्हणजे या घरात सगळ्यांच्या मनात तेच होतं. नणंद म्हटली की घडा बदलणारीच.

सतूला जाऊ द्यायचं नाही असं ती का म्हणाली, ते तिला सांगता येत नव्हतं. चार दिवसांसाठी म्हणून एसटीत बसलेली बाई कशी परत येत नाही ते तिच्याइतकं कुणाला माहीत होतं? सतूची आई तिला ठेवून घेईल, मानसिंग आसामात, मग या घरात पहाटे उठून म्हशीशी पंजाबीत बोलणारं कुणी राहणार नाही. रंगूअक्काला ती पोरगी फार आवडत होती आणि आवडण्याची तिला भीती वाटत होती.

चालता चालता ती कुंभारआळीत आली. तात्याबा कुंभाराच्या अंगणात बेंदरासाठी केलेले मातीचे बैल उरले होते आणि एका बाजूला भाजलेले घडे रचलेले, दुसऱ्या बाजूला भाजायला आव्यात घालायची मडकी वाळत मांडलेली होती. तात्याबा घरात नव्हता. त्याची बायको हरणाबाई दळण निवडत होती. तिनं बसायला सांगितलं.

रंगूअक्का बसली नाही. तिनं भाजलेला एक घडा उचलला आणि न भाजलेला एक उचलला. मग दोन्ही खाली ठेवून पुन्हा उचलले. हरणाबाईनं काय पाहिजे म्हणून विचारलं तरी तिचं लक्ष नव्हतं.

भाजलेला घडा लाल होता, बोटाच्या मागच्या बाजूनं वाजवला की टणकन वाजत होता. दुसरा पांढरट, गार; वाजवला तर नुसता ठप असा आवाज. आणि खाली ठेवल्यावर तिनं तळवा पाहिला तर त्यावर मातीची भुकटी बसली होती. अंधारात डोळ्यांना नाही दिसला तरी हाताला कळणारच. आणि सोहनी तर कुंभाराची लेक.

रंगूअक्का कितीतरी वेळ त्या अंगणात उभी राहिली. मग तिनं हरणाबाईला विचारून तो कच्चा घडा कमरेवर घेतला आणि घरी आली.

सोप्यात अजून वाद चालला होता. तिला घडा घेऊन आलेली पाहून सगळे वळले. बनुबाई उठून उभी राहिली. सतवंतचे डोळे रडून लाल झाले होते, ती काही बोलणार तेवढ्यात रंगूअक्का म्हणाली, "नदीला चला. सगळी चला. आबा, तुमी बी."

*

दुपार ढळत होती. आभाळ भरलेलं होतं पण पाऊस नव्हता. कृष्णेचं पाणी लाल झालं होतं आणि घाटाच्या खालच्या पायऱ्या पाण्यात गेल्या होत्या. बेंदराला धुतलेल्या बैलांचं शेण अजून पायऱ्यांवर होतं. गावातल्या कुणी बघितलं असतं तर वाटलं असतं जगदाळ्यांच्यात काही विधी आहे.

हंबीररावला हे सगळं खुळेपणाचं वाटत होतं, पण तरुणपणी भोपळे बांधून त्यानं ही नदी पुरात ओलांडली होती आणि पाण्यात काय टिकतं, काय नाही याबद्दल त्याचं स्वतःचं मत होतं. तो धोतर खोचून गुडघाभर पाण्यात उतरला आणि घडा मागू लागला. रंगूअक्कानं दिला नाही. ती स्वतः उतरली. तेव्हा त्यानं तिच्या दंडाला धरून ठेवलं, कारण धार ओढत होती.

तिनं घडा पालथा करून पाण्यावर दाबला. तो तरंगला. भाऊसो म्हणाला, बघा, टिकतोय. आबा काठीवर वाकून बघत होते. सुरुवातीला काहीच झालं नाही. मग रंगूअक्काच्या बोटांखाली माती बुळबुळीत झाली, साबणासारखी. काठाचा एक लपका सुटून पाण्यात गेला. घड्यातून बुडबुडे यायला लागले. तंबाखू मळून तोंडात टाकायला जितका वेळ लागतो तितक्यात तळ खचला आणि तिच्या हातात नुसता चिखल राहिला. पाण्यानं तोही नेला.

हंबीरराव, ज्यानं गोष्ट खोटी म्हटली होती, तो रिकाम्या पाण्याकडं बघत होता. मग तो म्हणाला, "मधापातुर जाईल. जोरात पवनारी आसंल तर मधापातुर जाईल. आन मग मागं बी न्हाई, फुडं बी न्हाई."

रंगूअक्का वर आली, पायरीवर बसली. लुगड्याचा काठ पिळत ती सतवंतला म्हणाली, "सतू, तिला कळलं नव्हतं व्हय गं? कुंभाराची पोरगी. हातात घेतल्या घेतल्या कळलं आसंल."

सतवंत तिच्या खालच्या पायरीवर बसली. सासरा समोर होता तरी तिचा पदर मागं पडला होता आणि तिला त्याचं भान नव्हतं. ती म्हणाली की तिची आजी असंच सांगायची. सोहनीला कळलं होतं. पण पलीकडं तो वाट बघत होता, आणि नाही गेलं तर तो काय म्हणेल, म्हणून ती तशीच उतरली. सगळे तिचीच गोष्ट सांगतात, तिच्या हिमतीची. नणंदेचं एवढंच, की ती वाईट होती.

"मंग त्या नणंदंला ठावं न्हवतं का, हिला कळंल म्हनून?" रंगूअक्का म्हणाली. "ती बी कुंभाराच्या घरातलीच की. मारायचंच आसतं तर घडा फोडून टाकला आसता, न्हाईतर भावाला उठवून सांगितलं आसतं. तिनं कुनाला सांगितलं न्हाई. गुमान कच्चा घडा ठेवला. तिला वाटलं, हातात घेईल, वळखंल, समजंल की घरात कुनालातरी कळलंय. आन मागारी येईल. घरात येऊन निजंल. ती दारात बसली आसंल वाट बघत."

तिचा आवाज बदलला नव्हता.

"ती आलीच न्हाई. नणंदंला काय म्हाईत, की ती कळून बी जाईल."

आबा खाली बसले. बनुबाईला आपण सकाळपासून काय काय मनात आणलं ते आठवून कसंसंच झालं. ती पुढं होऊन नणंदेच्या ओल्या लुगड्याचा दुसरा काठ पिळू लागली. नणंदेनं पिळू दिलं. भाऊसो टेपरेकॉर्डर खांद्याला अडकवून उभा होता आणि त्याला वाटत होतं की आता इथं काही विचारणं बरं नव्हे.

सतवंतनंच सुरुवात केली. ती चाल गुणगुणू लागली, ताक घुसळताना गायची तीच, शब्दांशिवाय. रंगूअक्काच्या आईच्या जात्यावरच्या ओव्या गावात नावाजलेल्या होत्या आणि लेकीनं त्या सगळ्या उचलल्या होत्या. पण आई गेल्यावर गिरणीचं पीठ येऊ लागलं आणि ते गाणं बंद पडलं. आता चाल परकी होती, तरी तिनं ती दोनदा ऐकून घेतली, तिसऱ्यांदा मान हलवली, आणि पाण्याकडं बघत शब्द ठेवत गेली:

कच्चा घडा ठेवला बाई, हाती घेता कळंल,
वाट बघते मी दारी, आता मागं वळंल.

सतवंतनं तेच शब्द परत म्हटले. कळंल, वळंल. तिच्या मुलखातही तो ळ होता, म्हणून तो तिच्या जिभेवर स्वच्छ आला, आणि शेवटचा सूर तिनं तिकडच्या रीतीनं लांबवला. रंगूअक्कानं दुसरी ओवी जोडली:

पक्का घडा माझ्या घरी, कच्चा गेला धारंला,
तहान लागली तरी बाई, हात जाईना घड्याला.

भाऊसोनं केव्हा बटण दाबलं ते कुणाला कळलं नाही. त्यानं नंतर ते वाजवून दाखवलं. स्वतःचा आवाज पेटीतून येताना ऐकून रंगूअक्का चमकली. असा आहे होय माझा, म्हणाली, आणि पुन्हा लाव म्हणाली. दुसऱ्यांदा ऐकताना ती शब्दांकडं लक्ष देत होती आणि तिला एक शब्द बदलावासा वाटला, पण हंबीरराव म्हणाला, असू दे, असाच बरा आहे. सकाळी हे गाणं होणार नाही म्हणणारा तोच होता, पण त्याची आठवण कुणी करून दिली नाही.

परत निघताना रंगूअक्का आबांच्या शेजारून चालू लागली.

"आबा, सतूला लावून द्या लग्नाला."

आबांनी काही म्हणायच्या आत मागून हंबीररावनं विचारलं, "आन न्हाई आली तर? तिच्या आईनं ठिवून घेतली तर?"

"ठिवून घेतली तर घेतली. आडवून ठेवायचं न्हाई." मग चार पावलं गेल्यावर म्हणाली, "आपुन दार उघडं ठेवायचं. बाकी तिच्या हातात."

*

शेजारच्या गावचा एक जवान रजा संपवून जालंधरला निघाला होता. श्रावणात सतवंत त्याच्या घरच्या मंडळींबरोबर मिरजेहून गाडीत बसली. दिवाळीच्या आधी येते म्हणाली. रंगूअक्का मिरजेपर्यंत गेली होती. तिनं भाकरी, शेंगाची चटणी आणि तासगावचे बेदाणे बांधून दिले होते. एवढ्या वर्षांत तिनं तासगावची वस्तू पहिल्यांदाच हाताळली, हे एकट्या बनुबाईच्या लक्षात आलं.

भाऊसोनं गाणं मुंबईला नेलं. कंपनीला रंगूअक्काचा जाडाभरडा आवाज नको होता आणि हंबीररावलाही घरच्या बाईचा आवाज बाजारात नको होता, त्यामुळं ते मुंबईच्या एका गायिकेनं म्हटलं. तिला कळंल, वळंल हे नीट जमेना. तिनं कळेल, वळेल केलं. तबकडीवर चाल पारंपरिक, शब्द पारंपरिक असं छापलं. भाऊसोला वाईट वाटलं. रंगूअक्काला वाटलं नाही. आपण केलं म्हटलं, तर मग काय सांगायचं लोकांना, कसं सुचलं ते.

पण गाणं धावलं. तासगावच्या बाजारात ट्रॅक्टरवर लावलेल्या कर्ण्यातून ते वाजलं, फलटणकडच्या एका कारखान्याच्या गळीत हंगामात वाजलं, बँडवाल्यांनी ते वरातीत घेतलं. बुडणाऱ्या बाईचं गाणं वरातीत कशाला म्हणून कुणी विचारलं नाही, कारण त्यात बुडणारी बाई कुणाला दिसतच नव्हती. दिसत होती ती दारात वाट बघणारी. तबकडीवर काहीही असो, बायका ते कळंल, वळंल असंच म्हणत, आपल्या बोलीत. सोहनीचं नाव कुणाला माहीत नव्हतं. आबांना याचं नवल वाटे. ते झोपाळ्यावर बसून कुणालाही धरून सांगत, हे कुठलं आहे माहीत आहे का, मी त्या नदीच्या पुलावरून गेलोय.

हे सगळं पुढचं. त्याआधी दिवाळी आली. सतवंत आली नाही. वसुबारस झाली, पाडवा झाला. भावाच्या लग्नाला दोन महिने होऊन गेले होते. बनुबाईनं मानसिंगच्या नावाचा उल्लेख टाळला. रंगूअक्का नेहमीसारखी धारा काढीत होती. फक्त सोप्याचं दार ती दुपारचंही लोटत नव्हती, आणि कोंबड्या घरात येत तरी कुणी त्याबद्दल बोलत नव्हतं.

भाऊबिजेला भाऊसो बहिणीकडं आलेला होता. बनुबाई त्याला ओवाळून उठत होती, तेव्हा बाहेर बैलगाडी थांबली. आधी एक लोखंडी ट्रंक उतरली. मग सतवंत उतरली, पहिल्यापेक्षा भरलेली, आणि तिनं हात देऊन एका उंच, गोऱ्या, म्हाताऱ्या बाईला उतरवलं. बाईनं पंजाबी सलवार-कमीज घातला होता आणि पांढरी ओढणी डोक्यावर घेतली होती. सतवंतची आई. लग्नाला जिनं पाऊल टाकलं नव्हतं ती.

सगळे सोप्यात गोळा झाले. आबांनी फौजेतली हिंदी काढून रामराम केला. बाईनं हात जोडले, पण तिची नजर एकेका बाईच्या तोंडावरून फिरत होती. तिनं लेकीला काहीतरी विचारलं.

सतवंत हसू आवरत म्हणाली, "बेबे म्हन्ते, ती नणंद कंची?"

रंगूअक्का मागं होती, हातात शेणाची पाटी. ती पुढं आली. पाटी खाली ठेवावी हे तिला सुचलं नाही.

म्हातारी तिच्यासमोर उभी राहून सावकाश बोलत गेली आणि सतवंत सांगत गेली. बेबे म्हणते, मी लहान होते तेव्हापासून ही गोष्ट गातेय. माझी आई गायची, तिची आई गायची. पोरीनं मला तुझं गाणं म्हणून दाखवलं. मी म्हटलं, एवढ्या वर्षांत आमच्यात कुणालाच ही बाई दारात बसलेली कशी दिसली नाही. पोरीला मी ठेवूनच घेणार होते. पण मग म्हटलं, जिच्या घरी ती परत जायचं म्हणते, तिला एकदा बघून यावं.

रंगूअक्कानं म्हातारीकडं पाहिलं, मग सतवंतकडं, मग आबांकडं. सतवंतच्या अंगावरची भर तिच्या आता लक्षात आली आणि तिनं बोटांवर वैशाखापासूनचे महिने मोजायचा प्रयत्न केला, तो मध्येच सोडला.

"सतू," ती म्हणाली, "त्यास्नी म्हणावं, बसा आधी. मी हात धुवून आले."